कोपरा फाटलेलं पाकीट

मुलींच्या शाळेत नोकरी करून मी दोनच गोष्टी साठवल्या. एक खराटे आणि दुसरी मुलींची गुपितं. खराटे नोकरी सोडताना गावात वाटून टाकले. गुपितं मात्र वाटता येत नाहीत, ती अजून माझ्याजवळच आहेत. त्यातलं एक आज सांगते आहे, तेही जिचं आहे तिला विचारून. ती आता नातवंडांची आजी आहे. विचारायला गेले तर म्हणाली, "सांगा की बाई. आता मला कोण रागावणार हाय?"

परवा माझी भाची मुंबईहून आली होती. तिने कॉलेजात मानसशास्त्राचा अभ्यास केला आहे. ती सांगत होती की वयात येणाऱ्या मुलांशी कसं बोलावं, त्यांचं मन कसं मोकळं करावं, याचं आता शास्त्र झालं आहे आणि त्यासाठी माणसं नेमलेली असतात. मी ऐकून घेतलं. आमच्या वेळी त्यासाठी कुणी नेमलेलं नव्हतं. ज्या पोरीचं काही बिनसलं तिला आधी घरचे बडवत, मग भगताकडे नेत, आणि तरी नीट झाली नाही तर तिचं लग्न करून देत. ही तीन औषधं करून झाली नसतील आणि पोरीचं नशीब बरं असेल, तरच मधल्यामध्ये ती माझ्या वाट्याला येई.

मी होते जंजिरा संस्थानातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. दिवेआगरहून पायी सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांच्या मागे भातशेती, पुढे समुद्र. एका खोलीची शाळा, सातवीपर्यंतच्या मुली, आणि त्यांना शिकवायला मी एकटी. विशीतच विधवा झालेली आणि पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेली बाई म्हणून गावाने आधी वर्षभर मला दुरूनच पाहिलं. मग कुणाच्या तरी घरी मूल आजारी पडलं, कुणाला अर्ज लिहून हवा होता, आणि हळूहळू मी गावची बाई झाले. काळ साधारण एकोणीसशे तिसाच्या आसपासचा.

खराट्यांचं आता सांगते. मुलीला समोर बसवून "काय झालं, खरं सांग" म्हटलं की ती खरं सांगत नाही. हे मला कळायला पहिली चार-पाच वर्षं गेली. मास्तरणीच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचं म्हणजे परीक्षाच. पण तीच मुलगी शेजारी बसली, दोघींच्या हातात काम असलं आणि दोघींची नजर कामावर असली, की तोंड आपोआप सुटतं. आमच्याकडे बायका झावळ्यांचे हीर काढतात, म्हणजे नारळाच्या पातीचा हिरवा भाग सुरीने सोलून मधली काडी वेगळी करायची. त्या काड्यांचे खराटे. काम सोपं, न संपणारं, आणि वर बघायची गरज नसलेलं. माझ्या पडवीत झावळ्यांचा ढीग कायम असे. ज्या मुलीचं बिनसलेलं दिसे तिला मी म्हणत असे, "चार दिवस संध्याकाळी ये गं, मला खराटे हवेत." एका बाईला इतके खराटे कशाला लागतात, असं कुणी विचारलं नाही. पाठीमागे मला खराटेबाई म्हणत, एवढंच.

दुसरा नियम मी फार महाग शिकले. यमुना नावाची एक मुलगी होती. तिने हीर काढता काढता मला घरातलं काही सांगितलं. मला वाटलं, आईला कळायला हवं. मी मोठ्या शहाणपणाने जाऊन आईला सांगितलं. त्या आईने पोरीला इतकं मारलं की आठवडाभर ती शाळेत आली नाही, आणि आली ती नाव काढायला आली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर मी ठरवलं की मुलीने सांगितलेलं कुणाला सांगायची वेळ आलीच, तर आधी तिला सांगेन की आता सांगणार आहे. यमुनेच्या वेळी हे शहाणपण मला नव्हतं, याची आजही लाज वाटते.

आता द्वारकीचं.

द्वारकी सहावीत होती, तेरा वर्षांची. तिचा बाप राघोजी, पोफळीची छोटी वाडी असलेला, तोंडाने तापट पण मनाने भला. त्यांच्या आळीत लिहिता-वाचता येणारी ही एकटीच पोर. आळीतले निम्मे पुरुष मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, त्यांची पत्रं येत, आणि ती वाचायची द्वारकीने. टपालवाला कासमचाचा म्हसळ्याहून पायी यायचा. तो आळीची सगळी पत्रं शाळेच्या दारातच हिच्या हाती देऊन टाकी. कुणाचं पत्र कुणाला द्यायचं आणि वाचून दाखवायचं, हा तिचा मान होता. राघोजी भर बाजारात सांगायचा, "माझी पोर वाचते." पत्र वाचताना ती परकर खोचून ओट्यावर अशी उभी राही की मलासुद्धा तिच्यापुढे हळू बोलावंसं वाटे.

त्या वर्षी आषाढात ती गप्प झाली. एकाएकी नाही, आठ-दहा दिवसांत. आधी वर्गात वाचेनाशी झाली. पुस्तक पुढे धरलं की म्हणे, "बाई, अक्षरं हलतात." मग बोलेनाशी झाली. घरी अर्धी भाकरी खाऊन उठायची. आळीची पत्रं न वाचताच देऊन टाकायची आणि बायका ती घेऊन आल्या की वाडीत पळून जायची, म्हणून ती पत्रं माझ्याकडे येऊ लागली. राघोजीने आधी ओरडून पाहिलं, मग एक थोबाडीत दिली, मग स्वतःच रडला. शेवटी माझ्याकडे आला.

"बाई, पोरीला कायतरी लागलंय. हिला भगताकडं न्हेतो. येत्या अवसेला बोलवलंय त्याने."

"आणि त्याने नाही उतरलं तर?"

"तर मंग मार्गशीर्षात उजवून टाकतो. माणगावचं एक स्थळ सांगून आलंय. लगीन झालं की व्हईल सरळ."

मी तापट आहे हे गावाला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी राघोजीवर ओरडले नाही. मला दिसत होतं की तो घाबरलेला आहे. म्हटलं, "अवस कधी? अजून पंधरा दिवस आहेत ना? तेवढे मला द्या. रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठवा. आणि घरी तिला काही विचारायचं नाही. काय झालं म्हणून नाही, जेवतेस का म्हणून नाही, बोल म्हणून तर मुळीच नाही."

"मंग आम्ही करायचं काय?"

"सुंभ वळता ना पावसाळ्यात? तिच्या शेजारी बसून सुंभ वळा. आईलाही सांगा. बस्स."

राघोजीला हे पटलेलं नव्हतं. न विचारणं हे बापाला मारण्यापेक्षा अवघड जातं. पण त्याने ते केलं, याचं श्रेय मी त्याला नेहमी देते. पुढे कितीतरी आईबापांना मी हेच सांगितलं आणि फार थोड्यांना जमलं.

द्वारकी येऊ लागली. पहिले तीन दिवस आम्ही दोघी हीर काढत बसलो आणि एक शब्द नाही. मीच आपली कधी झावळी ओली आहे, कधी सुरी बोथट झाली, असं काहीतरी बोलत राहायची. चौथ्या दिवशी तिने माझा हात धरून हीर कसा सोलायचा ते दाखवलं, कारण इतक्या वर्षांनीही मला ते नीट येत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही येईल बाहेर.

मधे एक गोष्ट घडली आणि मला धागा लागला. आळीतली सगुणा वाटेत भेटली. सगुणा म्हणजे तिशीची, हसरी बाई. नवरा गोविंदा मुंबईला गोदीत, घरात म्हातारी सासू आणि थोरला दीर. तिला मूल नव्हतं आणि द्वारकीवर तिचा फार जीव. ती म्हणाली, "बाई, द्वारकी माझ्याकडं बघत न्हाय. वडी दिली तर घेत न्हाय. मी जवळ गेली तर तिला उलटी आली. म्या काय केलंय?"

मी विचारलं, "गोविंदाचं पत्र कधी आलं होतं?"

"दोन म्हैनं झालं की. पावसाळ्यात टपाल असंच. आता नारळी पुनव होऊन बोटी सुरू झाल्या की येतील."

तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू होतं.

अवसेला पाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी पाऊस नव्हता. आम्ही हीर काढत होतो. द्वारकी अचानक म्हणाली, अगदी हळू, पण स्वच्छ, "बाई, पत्र वाचलं न्हाय तवर ते खरं व्हत न्हाय ना?"

माझी सुरी अंगठ्यात गेली. तिला रक्त दिसू नये म्हणून अंगठा पदराखाली दाबला आणि मान वर केली नाही. म्हटलं, "कसलं पत्र?"

मग ते बाहेर आलं. एका दमात नाही, तुकड्या-तुकड्याने, मधेच थांबून. पाच आठवड्यांपूर्वी भर पावसात कासमचाचाने सगुणाकाकीचं पाकीट तिच्या हातात दिलं. नेहमी हसणारा माणूस, त्या दिवशी हसला नाही, बोलला नाही, निघून गेला. पाकिटाचा कोपरा फाटलेला होता.

नवीन मंडळींना याचा अर्थ सांगायला हवा. आमच्याकडे मरणाची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून पाठवत. घेणाऱ्याला उघडण्याआधीच कळावं म्हणून. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. अंगणात वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, आणि मग अंघोळीला जायचं. गावातल्या लहान पोरालाही हे ठाऊक.

द्वारकीला मात्र आदल्या वर्षी ठाऊक नव्हतं. तेव्हा ती असंच एक पत्र घेऊन एका म्हातारीच्या घरात शिरली होती आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात तिने तिच्या मुलाच्या मरणाची बातमी वाचली होती. शेवटच्या ओळीपर्यंत. म्हातारी जागीच कोसळली. पुढे कितीतरी दिवस ती म्हातारी सकाळी ही दिसली की तोंड फिरवायची आणि म्हणायची, "हिच्याच तोंडून आयकलं." हे सगळं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. एवढ्या लहान गावात, माझ्याच वर्गातल्या मुलीबद्दल.

"मी वाचलं असतं तर काकीच्या बांगड्या फुटल्या असत्या," द्वारकी म्हणाली. "म्हणून न्हाय वाचलं. पण काकी रोज कुकू लावते. ते बघून मला पाप लागतं."

"पत्र कुठं आहे?"

"शाळंत. नकाशाच्या मागं. घरात कसं ठिवणार?"

पाच आठवडे मी त्याच नकाशावर पट्टी मारून मुलींना नद्या दाखवत होते.

"कुणाला सांगणार न्हाय ना, बाई?"

इथं यमुना माझ्यासमोर उभी राहिली. नाही म्हणणं सोपं होतं, पोरगी तेवढ्यावर मोकळी झाली असती आणि झोपली असती. पण पत्र सगुणाचं होतं. मी सुरी खाली ठेवली आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून बसले. म्हटलं, "द्वारके, हे मला कुणालाच सांगायचं नाही, हे खरं. पण पत्र काकीचं आहे. ते तिला द्यावंच लागेल. तुला न सांगता मी काही करणार नाही, म्हणून आधी तुला सांगते आहे. उद्या मी देऊन येते. तू घरी थांब."

तिने हातातली झावळी ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "मी येते. न्हायतर ती म्हणंल द्वारकीनं लपवलं आणि बाईनं आणलं."

"वाचणार मी," मी म्हटलं.



खरं सांगते, मलाही शंका नव्हती. कोपरा फाटला म्हणजे गोविंदा गेला. रात्रभर मी सगुणाला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. पाकीट उघडून आधी आपण वाचावं, असंही एकदा मनात आलं. पण दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, हे मीच मुलींना शिकवलेलं. आणि दुसरं कारण म्हणजे मलाही ते उघडायचं धैर्य नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीपेक्षा मी काही फार धीट नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशामागून ते पाकीट काढलं. ओलसर, पिवळट, कोपऱ्यावर भोक पडावं तसं फाटलेलं. आम्ही दोघी सगुणाच्या घरी गेलो. भुरभुर पाऊस लागला होता. आणि इथं माझी चूक झाली, ती अशी चूक जी आमच्याच गावात होऊ शकते.

मी अंगणातच थांबले.

ठरवून नव्हे. माझा पायच ओट्यावर चढेना. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं पत्र असंच आमच्या अंगणात वाचलं गेलं होतं आणि तेव्हा मी दाराआडून बघत होते. पाय ते विसरला नव्हता. पावसात अंगणात उभ्या असलेल्या दोघी, एकीच्या हातात कोपरा फाटलेलं पाकीट. सगुणाची सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, आणि सूप हातातून सुटून तांदूळ ओटाभर झाले.

"गोविंदा रंऽऽ" म्हणून तिने जो हंबरडा फोडला तो आळीच्या टोकापर्यंत गेला. सगुणा आतून धावत आली. तिला कुणी काही सांगावं लागलंच नाही. शेजारच्या घरांतून बायका धावल्या. पाच मिनिटांत अंगण भरलं. एकजण सगुणाला धरून खाली बसवत होती, एक म्हातारी तिच्या मनगटाशी झटत होती. बांगड्या. आणि पाकीट अजून उघडलेलंसुद्धा नव्हतं! मी "थांबा, थांबा" म्हणत होते, पण चाळीस मुलींच्या वर्गावर चालणारा माझा आवाज त्या रडण्यात कुणालाच ऐकू गेला नाही.

द्वारकीने माझ्या हातातून पाकीट ओढून घेतलं. फाटलेल्या कोपऱ्यात बोट घालून टरकावलं. आतलं पत्र काढून पहिली ओळ बघितली. तिचं तोंड उघडं पडलं. "काकी!" ती ओरडली. पाच आठवड्यांनी आलेला आवाज, तो फुटून गेला. कुणी बघितलं नाही. "काकी, काका जित्ता हाय!" तरी कुणी बघितलं नाही. एक बांगडी फुटल्याचा आवाज मी ऐकला.

मग त्या पोरीने जे केलं ते मला सुचलं नसतं. ती ओट्यावर चढली, तांदळांवरून धावली आणि पत्र डोक्यावर उंच धरून उंबरा ओलांडून घरात शिरली.

अंगण एकदम गप्प झालं. मरणाचं पत्र घरात न्यायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या बाईने सगुणाचं मनगट धरलं होतं तिचा हात तसाच राहिला. सासूने हंबरडा मधेच गिळला. माजघराच्या काळोखातून द्वारकीचा आवाज आला, पत्र वाचण्याचा तिचा तोच जुना, खणखणीत आवाज.

"सौभाग्यवती सगुणा हीस गोविंदाचा आशीर्वाद."

नवरा मेला असता तर त्या पत्राचा पहिलाच शब्द तो नसता. हे त्या निरक्षर बायकांनासुद्धा समजावून सांगावं लागलं नाही. सगुणा उठली, पडली, परत उठली आणि आत धावली. मागोमाग अख्खं अंगण आत शिरलं. मी सर्वांत शेवटी आत गेले. भिंतीला टेकून बसले.

गोदीत खोका पायावर पडून गोविंदाचा पाय मोडला होता. तो इस्पितळात होता, शेजारच्या खाटेवरच्या एका शिकलेल्या माणसाकडून पत्र लिहून घेतलं होतं. जिवाला धोका नाही, पण दादाला पाठवावं, एकट्याने घरी येणं होणार नाही, आणि उत्तर सत्वर पाठवावं, असं लिहिलं होतं. पाच आठवडे तो उत्तराची वाट बघत पडला होता. ती ओळ वाचताना द्वारकीचा आवाज थांबला. तिने सगुणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकी, मी लपवलं व्हतं."

सगुणाने आधी तिच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. मग तिला पोटाशी धरलं आणि दोघी इतक्या रडल्या की आधीचं रडणं काहीच नव्हतं. मी मधे पडले नाही. दोन्ही गोष्टी द्वारकीला हव्या होत्या, असं मला वाटतं. बाहेर राघोजी उभा होता, कुणीतरी त्याला बोलावलं होतं. तो मला म्हणाला, "बाई, भगताला नको सांगून येतो." आणि पावसात तसाच निघाला.

कोपऱ्याचा उलगडा पुढच्या टपालाच्या दिवशी झाला. कासमचाचाला विचारलं तर त्याने कपाळावर हात मारला. "अल्ला! बाय, ते मीच फाडलं. म्हसळ्याच्या पुढल्या वहाळात थैली भिजली. पाकिटं एकमेकांला चिकटली. सोडवताना त्याचा कोपरा सुटला. थंडीनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पोरीला सांगायचं राह्यलं." तो पुढे कितीतरी महिने द्वारकीपुढे मान खाली घालून उभा राही.

सगुणाचा दीर पत्र वाचलं त्याच दिवशी निघाला होता. म्हसळा, माणगाव, तिथून मोटार मिळाली तिथवर मोटारीने, पुढे खाडीतल्या लाँचने मुंबई. बोटी सुरू झाल्या तसा तो गोविंदाला घेऊन आला. बोटीतून पडावात आणि पडावातून चौघांच्या खांद्यावर. पाय जुळला होता, पण थोडा आखूड. गोविंदा जन्मभर किंचित लंगडत चालला.

इथे गोष्ट संपली असं गावाला वाटलं. मला तसं वाटत नव्हतं. द्वारकी बोलत होती, जेवत होती, राघोजी माणगावच्या स्थळाला नकार कळवून आला होता. पण ती पत्रं घेईना. कासमचाचा दारात आला की ती माझ्याकडे बोट दाखवी. "बाई वाचतील." गोविंदा येणार म्हणून कळलं त्या दिवसापासून तर ती त्या घराकडे फिरकलीच नाही. आळीच्या बायकांनी तिला माफ केलं होतं, सगुणाने केलं होतं. पण जो पाच आठवडे एकटा पडून होता, त्याच्यापुढे कोण तिला नेणार? ते मला जमणार नव्हतं. मी पुन्हा हीर काढायला बोलावलं, ती आली, बसली, आणि त्याबद्दल बोललीच नाही. माझे खराटे वाढले, एवढंच.

गौरी बसल्या होत्या त्या दिवसांतली दुपार. मी राघोजीच्या ओट्यावर सुंभ वळत बसले होते. बाहेरून काठीचा ठक ठक आवाज आला. गोविंदा. बगलेत कुबडी, धापा टाकत, अंगण ओलांडून आला. द्वारकी उठून आत पळू लागली. तो म्हणाला, "पळू नको गं. मला पळता येत न्हाय."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तो पायरीवर बसला, बंडीच्या खिशातून तेच कोपरा नसलेलं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"वाचून दाखव."

"तुमचंच पत्र हाय ते," द्वारकी कशीबशी म्हणाली.

"व्हय, पण मला कुठं वाचता येतंय? म्या सांगितलं आणि त्या शेजारच्यानं लिवलं. काय लिवलंय देव जाणे. माझ्या घरच्यांनी समद्यांनी आयकलं, म्या एकट्यानंच न्हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या सुंभाकडे बघत राहिले. फार कठीण होतं ते, पण बघत राहिले.

तिने पत्र घेतलं आणि वाचलं. सुरुवातीला आवाज बसलेला, मग हळूहळू नीट. मधे एका ओळीशी गोविंदाने तिला थांबवलं. त्या शेजारच्या माणसाने स्वतःच्या मनाने घातलं होतं की घरच्यांच्या आठवणीने डोळ्याला डोळा लागत नाही.

"हे म्या सांगितलंच न्हाय," गोविंदा म्हणाला. मग कुबडी नीट ठेवत म्हणाला, "पण खोटं न्हाय."

द्वारकीचे डोळे भरले. "काका, तुम्ही माझ्यामुळं..."

"फुडं वाच."

"उत्तर सत्वर पाठवणे."

"मंग पाठव की," तो म्हणाला. "मी अजून वाटच बघतोय."

ती आत गेली, दौत-टाक आणि कागद घेऊन आली, आणि त्याच्यापासून एका हातावर पायरीवर बसली. "काय लिहू?"

"पत्र पावलं, येवढं लिव. आणि खाली तुझं नाव घाल. कुणी लिवलंय ते कळाया नको?"

तिने लिहिलं. कागद वाळवून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला, मान डोलावली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि कुबडी टेकत उठला. त्याचा ठक ठक आवाज आळीच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. तो थांबला तेव्हा द्वारकीने दौतीला बूच लावलं, शाईचं बोट परकराला पुसलं आणि मला विचारलं,

"बाई, टपालाचा दिवस उद्या ना?"